दोघींचं एक अंग

इचलकरंजीत गुपित सांगायचं तर तेही ओरडून सांगावं लागतं. खाली माग, वर घर, अशी तिथली निम्मी वस्ती. वरुट्यांच्या घरी धोट्याचे जुने माग मोडीत निघाले आणि हवेवर चालणारे नवे बसले, तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, सुटलो बाई खडखडाटातून. सुटतात कशाच्या! खडखडाट गेला आणि फूत्कार आला. दिवसभर फरशीखाली कुणीतरी दात आवळून श्वास घेतंय, असं वाटायचं.

त्या श्वासावर पाय रोवून थोरली सून नयना सकाळी व्यायाम करायची. घरातली माणसं आपापल्या वाटेला लागली की माजघरातलं टेबल सरकवायची, चटई अंथरायची, दोन्ही दंडांना आणि पोटऱ्यांना पट्टे बांधायची आणि भिंतीला म्हणायची, "या बाई."

भिंतीवर बाई यायची. किकबॉक्सिंग शिकवणारी, काटक, आखूड केसांची. बाई खरी नव्हती. कंपनीने ती घडवली होती आणि ज्या घरात ती जाई त्या घराच्या बोलीत ती बोले. "कंबर फिरवा की! नुसत्या हातानं कणीक तिंबतात, ठोसा नव्हे."

हे खूळ मुळात धाकट्या जावेचं, केतकीचं. डॉक्टरांनी नयनाला साखर सांगितली तेव्हा उमेशने, म्हणजे नयनाच्या नवऱ्याने, योगासनांचे व्हिडिओ सुचवले. केतकी हसून लोळायची बाकी राहिली. "आसनं करून कुणाला भ्या दाखवणार अक्का? लाथा शिकू. जन्मभर आपणच कशाला खायच्या?"

तेव्हा ते वाक्य नयनाला नुसतं गमतीचं वाटलं होतं.

पट्ट्यांचा संच एकच घेतला. कंपनी बजावून सांगत होती, एका खात्यावर एकच माणूस. पण जावांच्या घरात एका डब्यातलं तेल दोघींच्या वेणीला लागतं, तिथे व्यायामाला खाती वेगळी कुणी काढावीत? सकाळी नयना बांधी, दुपारी केतकी. कधी दोघी मिळूनच, एक पट्टा हिच्या डाव्या दंडाला, एक तिच्या उजव्या. बाई आकडे मोजायला लागली की केतकी म्हणायची, आकड्यांनी दम लागतो, आपण ओवीवर मारू. आणि लाथेच्या ठेक्यावर गाणं धरायची:

*जावा जावा आम्ही दोघी, एका ओंजळीचं पाणी,*
*एकीच्या घामात, दुसरीची भिजे वेणी.*

ती केतकी गेली. घरामागच्या लोखंडी जिन्यावरून पडली आणि मानेवर आपटली. दुपारची वेळ, माग चालू. कुणाला हाक ऐकू आली नाही. पंचनामा झाला, दिवस झाले. तिचा नवरा धैर्यशील वरच्या मजल्यावर एकटा राहू लागला, जेवायला खाली येऊ लागला. नयना त्याला ताट वाढी आणि मनात म्हणे, बिचारा.

आता त्या पट्ट्यांविषयी थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

आपण हात उचलतो तेव्हा उचलण्याआधीच स्नायूत विजेची बारीकशी लहर उठते. पट्टा ती लहर वाचतो. लाथ चुकीची बसणार असेल, तर ती बसायच्या आधीच पट्टा उलट एक बारीक लहर सोडतो आणि पाय सरळ करतो. पोराचं बोट धरून मुळाक्षर गिरवून घ्यावं, तसंच. असं गिरवून घेता घेता यंत्र त्या अंगाची सवय शिकतं. कुठल्या आवाजाला मान वळते, कुठल्या बाजूला तोल जातो, घाबरल्यावर आधी कुठला खांदा उचलतो. घोकून घोकून पाठ झालेल्या या सगळ्याला कंपनी 'वळण' म्हणते. यंत्र खातं ओळखतं, माणूस ओळखत नाही. ज्या दंडावर पट्टा, त्या दंडाला तेच वळण.

पहिल्यांदा नयनाच्या लक्षात आलं ते बाईमुळे. एका सकाळी धडा सुरू करायच्या आधी बाईने मान किंचित तिरकी केली आणि खांद्यावरून पुढे आलेली वेणी हाताच्या पाठीने मागे टाकली.

बाईला वेणी नव्हती. आखूड केसांची बाई ती. तरी तिने ती मागे टाकली.

नयना चटईवर तशीच उभी राहिली. वेणी मागे टाकायची ती तऱ्हा, ते मनगट वळवणं, साऱ्या जगात एकाच बाईचं होतं. समोरच्याशी जवळीक वाटावी म्हणून बाई शिकणारीच्याच लकबी उचलते, हे तिने वाचलं होतं. पण शिकणारी तर आता एकटी नयना होती.

"केतके?" ती हळूच म्हणाली.

"गार्ड वर," बाई म्हणाली. "आज पुन्हा बचाव."

त्या दिवसांत बाई रोज बचावच शिकवायला लागली होती. नयना म्हणायची, "बाई, लाथा घ्या की." बाई म्हणायची, "आधी बचाव पक्का करू. तुम्हाला गरज आहे." डावा हात कानावर, हनुवटी छातीशी, उजवा तळवा बरगड्यांवर. पुन्हा. पुन्हा. खाली माग फुत्कारत राहायचे आणि भिंतीवरची ती बिनवेणीची बाई कुणाच्यातरी न दिसणाऱ्या हाताखाली वाकून वाकून उभी राहायची.

मग एकदा व्यायाम संपवून नयना पट्टे न सोडताच चहा टाकायला गेली. ओट्याशी उभी असताना तिच्या डाव्या दंडातून मुंग्या सरकल्या आणि हात आपोआप वर गेला. थेट कानावर. हनुवटी छातीशी आली. उजव्या हातातली गाळणी पडली आणि तो तळवा बरगड्यांवर येऊन बसला. छाती धडधडायला लागली. कशाला धडधडतेय, तेही तिला कळेना. भय आधी आलं होतं, भ्यायचं कारण अजून यायचं होतं.

ते पाठोपाठ आलंच. दारात धैर्यशील उभा राहिला.

"काय वहिनी, मारताय काय मला?" तो हसून मोठ्याने म्हणाला.

"नाही ओ भाऊजी. व्यायामाचं अंगात भरलंय."

तो हसला. पण हसता हसता त्याची नजर तिच्या वर गेलेल्या हातावर खिळली, आणि त्या नजरेत नवल नव्हतं. हे नयनाला रात्री आठवलं आणि झोप लागली नाही. अशा उभ्या राहिलेल्या बाईकडे बघून माणूस चकित होतो. तो झाला नव्हता.

मागांच्या आवाजात जिन्यावरची पावलं तिला कधीच ऐकू येत नसत. पट्ट्यांना येत होती. पुढे चार-सहा वेळा तिने मुद्दाम पट्टे बांधून पाहिलं. उमेश आला, काही नाही. दूधवाला, शेजारीण, मागावरचे कामगार, काही नाही. धैर्यशीलने वरच्या मजल्यावरून पहिल्या पायरीवर पाय ठेवला की इकडे हिचा हात वर.

*हात माझाच उचले, माझ्या मनाला न कळे,*
*कुण्या बाईचं गं भय, माझ्या अंगात उजळे.*

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडे एक तरतरीत मुलगी होती. "मॅडम, तुमच्या खात्यावर दोन वळणं दिसतायत. एक तुमचं. दुसरं कुणी वापरायचं का?"

"माझी जाऊ. ती आता नाही."

"ओह. सॉरी हं." थोडा वेळ नुसत्या कळा दाबल्याचा आवाज. "त्या ताई आधी कुठल्या क्लासला जायच्या का?"

"नाही. का?"

"व्यायामाच्या वेळेबाहेरचं वळण आहे हे. त्या दिवसभर पट्टे घालून असायच्या बहुतेक. आणि हा डाव्या बाजूचा बचाव... इतका पक्का आमच्या स्पर्धेतल्या खेळाडूंचासुद्धा नसतो." मुलगी कौतुकाने म्हणाली, "सराव फार आहे मॅडम."



ऐन वैशाखात केतकी लांब बाह्या घालायची. "अक्का, पट्टे आज माझ्याकडेच राहू देत काय? संध्याकाळी जरा करीन म्हणते." बाह्यांखाली पट्टे असायचे, आणि पट्ट्यांखाली? नयनाने तिला चिडवलंसुद्धा होतं: एवढ्या घामाघूम होऊन कुणाला भुलवणार गं? केतकी हसली होती. वेणी मागे टाकून.

"त्याचा काही पुरावा मिळेल?" नयनाने विचारलं. "कधी, कुठं, कुणी..."

"तशी कच्ची नोंद आम्ही ठेवतच नाही मॅडम. वळण तेवढं उरतं. आणि काळजी करू नका, पुढच्या सोमवारी अपडेट येतंय, त्यात जादा वळणं आपोआप पुसली जातील. तुमचा हात पूर्वीसारखा तुमचा होईल."

उमेशला सांगायला तिने दुपारची जेवणं होऊ दिली. तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने ताट सरकवलं.

"चार विजेच्या पट्ट्यांवरून तू माझ्या भावाला..."

"पट्ट्यांवरून नव्हे. केतकीवरून."

"केतकी जिन्यावरून पडली. पोलीस येऊन गेले. तू इथं होतीस, मी इथं होतो. तिचा कधी आरडाओरडा ऐकलास?"

"या आवाजात काय ऐकू येणार?"

"मग? ऐकलं नाही ते झालं कसं म्हणतेस?" तो उठला. "रविवारी कुरुंदवाडची माणसं धैर्याच्या लग्नाचं बोलायला यायचीत. त्या पोरीचं पहिलं लग्न मोडलंय, याची बायको गेलीय. दोघांचं मार्गी लागतंय. तोंड उघडलंस तर घर फुटेल नयना. माग सामाईक आहेत, छप्पर सामाईक आहे. कुठं जाणार आपण?"

 घर फुटण्याचं भय खोटं नव्हतं. या घराशिवाय तिला दुसरा उंबरा नव्हता, माहेरची दोन्ही माणसं गेलेली. पण रविवारी एक बाई तो लोखंडी जिना चढून वर जायला कबूल होणार होती आणि सोमवारी केतकी पुसली जाणार होती. त्यानंतर उरणार काय? धैर्यशीलचा हसरा चेहरा, आणि पंचनामा.

रविवारी पाहुण्यांच्या मानासाठी माग बंद ठेवले. घर एकदम उघडं पडल्यासारखं झालं. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

सानिका तिशीची होती, कुरुंदवाडला औषधाचं दुकान चालवायची. तोंडाने सडेतोड. सोबत आत्या, आई-वडिलांच्या जागी तीच. आत्याने पोह्यांची बशी ठेवली आणि मुद्द्यावर आली. "पहिलीचा टाक केलाय ना? आमच्यात दुसरेपणाची पोर सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घातल्याबिगर उंबरा ओलांडत नाही. मेलेलीचा मान आधी. नाहीतर ती छळते म्हणतात."

"सोनाराकडे टाकलाय आत्या," धैर्यशील अदबीने म्हणाला.

"म्हणजे तिचं तोंड माझ्या गळ्यात?" सानिका म्हणाली. "मग नवऱ्यानं कुणाचं तोंड बघायचं?"

"गप गं टवळे," आत्या म्हणाली, आणि सगळे हसले. उमेशही हसला.

नयना हसत उठली. "चल, घर दाखवते तुला."

आतल्या खोलीत तिने दार लोटलं आणि आडवळण न घेता सगळं सांगितलं. सानिका भिंतीला टेकून ऐकत होती.

"अक्का, एक विचारू? मी या घरात यायला नको आहे का तुम्हाला?"

"नको आहेस."

"मग हे सांगायला बरं आहे की."

"होय. म्हणूनच माझ्यावर विश्वास ठेवू नको." नयनाने पट्टे पुढे केले. "हिच्यावर ठेव. टाक घालणारच आहेस ना गळ्यात? तो चांदीचा, मुका. हिला बोलता येतं. एवढंच होतं, मुंग्या येतात आणि हात आपसूक हलतो. नको वाटलं तर तसं सांग, मी पुन्हा शब्द काढणार नाही."

सानिकाने पट्टा उलटसुलट करून पाहिला, औषधाची बाटली बघावी तसा. आतल्या कापडावर घामाचा जुना पांढरा डाग होता. दोघींच्या घामाचा, वेगळा न करता येणारा. तिने बाही वर केली.

"बांधा."

नयनाने डाव्या दंडाला बांधला, उजव्याला बांधला. बाह्या खाली ओढल्या. सानिका दाराशी गेली आणि थबकली. खांद्यावरची ओढणी हाताच्या पाठीने तिने मागे टाकली, मनगट तसंच वळवून. मग ती स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "हे मी केलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," नयना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर आत्या मुहूर्ताचं बोलत होती. सानिका धैर्यशीलच्या उजव्या अंगाला खुर्चीवर बसली. बसतानाच तिचे खांदे आक्रसले. चेहरा पांढरा पडला होता, पण तिने तो हसरा ठेवला.

"उकडतंय काय तुम्हाला?" धैर्यशील प्रेमाने म्हणाला आणि तिच्या मागच्या भिंतीवरचं पंख्याचं बटण दाबायला त्याने उजवा हात उचलला.

सानिकाचा डावा हात कानावर गेला. हनुवटी छातीशी. उजवा तळवा बरगड्यांवर. अंग इतकंसं झालं. सगळं एका क्षणात, सरावाने.

आणि धैर्यशीलच्या तोंडून शब्द निघाले. तेही सरावानेच.

"हात खाली. हात खाली घे म्हटलं ना केतके."

तो ओरडला नाही. अगदी हळू म्हणाला, लहान पोराला समजवावं तितक्या हळू, जवळजवळ लाडाने. इचलकरंजीत जन्मलेल्या माणसाचा इतका हलका आवाज नयनाने कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं वरच्या मजल्यावरून काही ऐकू का आलं नाही, ते तिला त्या घटकेला उमगलं. मागांचा त्यात काहीच दोष नव्हता.

बटणाकडे गेलेला त्याचा हात हवेतच थांबला होता. घड्याळ चालू होतं.

"कुणाला म्हणालात?" आत्याने विचारलं.

धैर्यशीलने सगळ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "नाही... ते आपलं सवयीनं..." आणि त्याला कळलं आपण काय बोललो ते. त्याचा चेहरा बदलला. तो वळला तो नयनाकडे. "वहिनी, काय घातलंय तुम्ही हिच्या अंगावर?" दोन ढांगांत तो तिच्यासमोर आला.

नयनाचे दोन्ही दंड उघडे होते. पट्टे सानिकाकडे होते. मुंग्या आल्या नाहीत, लहर आली नाही. तरी तिचा डावा हात कानावर गेला, हनुवटी खाली आली, पाय चटईवर रोवावेत तसे फरशीवर रोवले गेले. केतकी जे शिकली होती ते आता तिचंही झालं होतं. ते पुसायला कुठला सोमवार यायचा नव्हता.

ती मागे सरकली नाही.

"धैर्या." उमेश उभा राहिला होता.  "धैर्या, बस खाली." आणि मग, भावाकडे न बघता, "ती पडली तेव्हा तू मागावर होतास म्हणालास. मी तेव्हा तसंच सांगितलं पोलिसांना. मी तुला बघितलं नव्हतं मागावर."

 धैर्यशील खुर्चीवर बसला.

आत्याने पिशवी उचलली. "सानिका, चपला घाल," ती म्हणाली, आणि नयनाकडे वळून, "तुम्हीही घाला. पोलीस ठाणं कुठल्या अंगाला आहे, आम्हाला ठाऊक नाही."

पुढच्या दारात धैर्यशीलची खुर्ची आडवी होती, म्हणून त्या मागच्या जिन्याने निघाल्या. सानिकाच्या दंडावरचे पट्टे सोडायला नयनाने हात पुढे केला, तर तिने मान हलवली.

"राहू देत," ती म्हणाली. "तिला मध्येच कशाला सोडायची?"

लोखंडी पायऱ्या अरुंद होत्या, एका वेळी एकाच माणसाच्या. तरी दोघी शेजारी शेजारीच उतरल्या. सानिकाचा डावा हात अजून अर्धा वर होता, आणि उजवा नयनाने घट्ट धरला होता.